भावाच्या जागी माझा चेहरा

माझं माहेर इंदापूर तालुक्यात, वरकुट्यापासून जवळ. तिथं रस्त्याच्या कडेला, कालव्याच्या अलीकडं, लढाईत गेलेल्या जवानांची एक भिंत आहे. भिंतीत चार चेहरे आहेत. त्यातला माझ्या भावाच्या नावावरचा चेहरा माझा आहे.

भाऊ माझ्या पाठचा. दोघांचं नाक एक, हनुवटी एक. लहानपणी त्याला माझं परकर-पोलकं घातलं की शेजारच्या बायका फसायच्या. तो सैन्यात गेला आणि सरहद्दीवर मेला. पेटी आली ती बंद आली. बरोबरच्या साहेबांनी ती उघडू दिली नाही. आईनं लाकडावर हात फिरवला, पण तोंड तिनं पाहिलं नाही. पुढं जे झालं त्याचं मूळ तिथं आहे असं मला वाटतं. ज्याचं तोंड बघितलं नाही ते माणूस पुरतं जात नाही.

आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा घरातले देव गाठोड्यात बांधून नदीला सोडले आणि देवऋषी, अंगारा, अंगात येणं यांचं नाव काढायचं नाही असं सगळ्यांना बजावलं. त्यामुळं मी जे पाहिलं ते कोणाजवळ बोलले नाही. बोलायची सवय मला तशीही कमी. चौथीनंतर शाळा सुटली, लग्न होऊन पिंपळीला आले. चार माणसांत बोलायची वेळ आली की मी पाणी आणायच्या निमित्तानं आत जाते.

नव्वदच्या पुढची वर्षं होती. गावानं जवानांचं स्मारक करायचं ठरवलं. कमिटीचे पुढारी एक तात्या होते, स्वतः सैन्यातून पेन्शनीत आलेले. त्यांना हातात बंदूक घेतलेले चार पुतळे हवे होते. काम कऱ्हाटीकडच्या एका शिल्पकाराला दिलं. मुंबईला शिकून आलेला, मऊ बोलणारा माणूस. त्यानं घरोघर फिरून जवानांचे फोटो बघितले आणि परत दिले. त्या दिवशी मी माहेरी होते.

"फोटोला जाडी नसती, ताई," तो मला म्हणाला. "नाक बाजूनं किती वर हाय, गाल कुठं आत जातोय, ते फोटो सांगत न्हाय. मला रक्ताच्या माणसाचा चेहरा पायजे. तुमचा द्याल का?"

आई चुलीपुढं बसली होती. "जित्या माणसाचं तोंड मेल्याच्या जागी?" ती म्हणाली. "जित्याच्या फोटूला आमी हार घालत न्हाय, बाबा."

"मग हार नका घालू, मावशी."

"तू न्हाय घालायचास, मी न्हाय घालायची. पर लोकं घालत्यालच की. त्यास्नी काय ठावं?"

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "घे जा. तेवढंच त्याचं तोंड मला दिसंल."

पडवीत मला सतरंजीवर उताणं निजवलं. केस फडक्यानं बांधले, तोंडाला खोबरेल तेल चोपडलं. नाकात एरंडाच्या देठाच्या दोन नळ्या घातल्या, श्वासासाठी. मग त्यानं कालवलेलं प्लास्टर कपाळापासून ओतायला सुरुवात केली. डोळे मिटले होते, आता ते उघडता येणार नव्हते. प्लास्टर आधी थंड लागलं, मग जड झालं, आणि घट्ट होता होता तापायला लागलं. आतून कोणी अंग टेकवून बसल्यासारखं ऊबदार. कानांवरही ते आलं होतं, त्यामुळं बाहेरचा आवाज लांबून, विहिरीच्या वरून यावा तसा येत होता. आई विचारत होती, "अगं, हायस का?" मला बोलता येत नव्हतं. तिनं पुन्हा विचारलं, मग पुन्हा. मी हाताचं बोट हलवलं. ते तिला दिसलं नसावं, कारण ती माझा पाय धरून रडायला लागली.

साचा निघाला तेव्हा मी उठून बसले. आईनं माझं तोंड पदरानं पुसून पुसून लाल केलं.

स्मारक उघडलं त्या दिवशी मी आईबरोबर गेले होते. पुतळे नव्हतेच. काळ्या दगडाची भुकटी सिमेंटमध्ये मिसळून त्यानं माणसाच्या उंचीची एक भिंत उभी केली होती. चेहरे तिच्यातून बाहेर आलेले नव्हते, आत गेलेले होते. करंजीचा साचा असतो तसे. ओल्या चिखलात तोंड दाबून कोणी उठून गेलं तर जसा खळगा राहील, तसे चार खळगे. खाली नावं.

मग तात्या मोठ्यानं म्हणाले, "ही तर साचं हायती रं. साचं हितं बसवलं, मग माल कुठं ठिवलास?"

"माल सरहद्दीवर ऱ्हायला, तात्या," शिल्पकार म्हणाला. "गेलेल्या मानसाची जागा मोकळीच असती. तीच केली."

"मोकळी जागा दाखवायला भिंत कशाला? माझ्या जवानाला नाक पायजे, नाक! पुढं आलेलं."

माणसं हसली. पण लगेच कोणीतरी "आयला" म्हणालं आणि हसणं थांबलं. ऊन कलतं होतं. चार पावलं मागं सरून पाहिलं की खळगा खळगा राहत नव्हता. चेहरा फुगून भिंतीच्या बाहेर येत होता. आणि आपण डावीकडं चालू लागलो की तोही डावीकडं वळत होता. डोळे मिटलेले होते तरी तो आपल्याकडंच बघतोय असं वाटायचं.

शिल्पकारानं समजावून सांगितलं. आत गेलेलं तोंड डोळ्यानं कधी पाहिलेलं नसतं, म्हणून डोळा आपल्या मनानंच ते बाहेर काढतो. मला ते पटलं. पण पटूनही चेहरा वळायचा थांबला नाही. दुसऱ्याचा चेहरा आपल्यामागं वळला तर माणूस दचकतं. आपला स्वतःचा वळला तर काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी त्या दिवशी भिंतीकडं पाठ करायला धजले नाही. आईच्या आडोशानं, तिरकी तिरकी चालत रस्त्यापर्यंत आले.

गावात दोन तट पडले. वैरणीचे भारे घेऊन येणाऱ्या बायकांनी ती वाट सोडली, त्या बांधाबांधानं येऊ लागल्या. तात्यांची माणसं भिंत पाडा म्हणत होती. मेलेल्यांचा हा अपमान आहे असं पेपरात छापून आलं. बाकीच्या तीन घरांतली काही माणसं रागावली, काही हात जोडून उभी राहायची.

आई मात्र रोज संध्याकाळी तिथं जाऊ लागली. भावाच्या नावापुढं मेणबत्ती लावायची, पण हार कधी घालायची नाही. पहिलं वर्षभर तिला सगळं ठाऊक होतं. मी माहेरी गेले की हसून म्हणायची, "तुझंच तोंड तितं, तुझंच हितं. कुठल्याला जेवायला वाढू?" पुढं पुढं ती तसं म्हणेनाशी झाली. "पोरगं वाट बघत आसंल," म्हणून उठायची. वय झालं होतं, मन एकटं पडलं होतं. तिला त्यात बरं वाटतंय तर वाटू दे, असं मी म्हटलं.

मग ती फिल्म आली.

पुण्याहून एक बाई आल्या. बरोबर कॅमेरा घेतलेला एक माणूस आणि काठीला केसाळ माईक बांधलेला दुसरा. भिंतीवरून एवढं भांडण झालं म्हणून त्यांना त्या शिल्पकारावर माहितीपट करायचा होता. बाई बोलायला चांगल्या होत्या, आमच्या घरी मांडी घालून पिठलं-भाकरी जेवल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही बोलाल ना दोन वाक्यं?" मी नाही म्हणून मान हलवली आणि आत गेले. शूटिंगच्या वेळी मी त्यांच्या जीपमागं उभी राहिले, कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून.

आई भिंतीपुढं उभी होती. शिल्पकार बाजूला. आदल्याच दिवशी शाळेच्या मुलांची फेरी येऊन गेली होती, त्यांनी चारी चेहऱ्यांवर झेंडूचे हार लटकवले होते.

"आजी, रोज येता इथं?" बाईंनी विचारलं.

"येते की."

"काय वाटतं?"

"काय वाटायचं? पोरगं बघतंय म्हनून येते. मी कालव्यापतूर जाते तवर त्याची नजर पाठीवर असती."

मग बाईंनी शिल्पकाराला विचारलं, चेहरा कसा मिळवलात. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. म्हणाला, "खरं सांगायचं तर हा त्याचा चेहरा नाही. त्याच्या बहिणीचा आहे. आजींच्या मुलीचा."

आईनं त्याच्याकडं बघितलं, मग भिंतीकडं. "ही पोरगी हाय?"

"व्हय, मावशी. तुमाला ठावं हाय की. तुमीच घे म्हनला व्हता."

आई पुढं झाली. झेंडूच्या हाराला तिनं एक बोट लावलं.

"पोरगी गेली व्हय?" ती म्हणाली. "मला कुनी सांगितलं न्हाय."

मी "आई" म्हणून जीपमागून निघाले. माईकवाल्यानं मला हातानं थोपवलं, आवाज आत येईल म्हणून. कॅमेरा चालूच होता. आईनं भिंतीतल्या माझ्या गालावरून, म्हणजे गालाच्या खळग्यातून, हात फिरवला. मग बाई हळूच म्हणाल्या, "कट."

मी धावत जाऊन आईचा हात धरला. "आई, मी हितं हाय. ही बघ."

तिनं हात सोडवून घेतला, रागानं नाही, परक्या बाईपासून घेतात तसा. "बसा," ती म्हणाली. "लांबनं आलाय वाटतं. कुनाच्या तुमी?"

बाकी तिला सगळं आठवत होतं. शेळीला पिल्लं कधी झाली, कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, सगळं. फक्त मी गेले होते. बारामतीच्या डॉक्टरांनी वयामुळं होतं म्हणून गोळ्या दिल्या. पण मला वाटतं, आईनं सरळ हिशेब केला होता. हार जित्याला घालत नाहीत. तोंड पोरीचं, त्यावर हार. मग दुसरं काय असणार?

माझे मालक कारखान्यावर कामाला. त्यांना घेऊन गेले, त्यांना तरी ती ओळखील म्हणून. त्यांना तिनं लगेच ओळखलं. त्यांच्या दंडाला धरून रडली.

"जावयबापू, झालं ते झालं. आता दुसरं लगीन करा. पोरांचं हाल करू नगा."

"मामी, ही काय उभी हाय तुमची लेक," हे म्हणाले.

आईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग यांच्याकडं वळून आवाज खाली आणून म्हणाली, "बाई बऱ्या हायत. कामाच्या दिसत्यात. पर आदी पोरांस्नी इचारा."

हे हसायला लागले. मलाही हसू आलं. पण परत पिंपळीला एसटीतून उतरल्यावर त्यांनी उगाचच माझ्या हाताला हात लावून पाहिला.

फिल्म तयार झाली तेव्हा शाळेच्या वर्गात टीव्ही आणि व्हीसीआर लावून गावाला दाखवली. आई आली नाही. मी मागच्या भिंतीला टेकून बसले. पडद्यावर माझा चेहरा काळ्या भिंतीतून वळत होता, डोळे मिटून, आणि खाली आईचा आवाज येत होता, "मला कुनी सांगितलं न्हाय." वर्गातल्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं सहज मागं पाहिलं. तिला मी दिसले. ती "अगं बया!" म्हणून उठली आणि चपला न घालता बाहेर गेली.

तीच फिल्म बारामतीत एका कॉलेजातही दाखवली. मग एक दिवस कारखान्यावर कोणीतरी यांचा हात धरला. "राव, मंडळी गेल्या आन कळवलं बी न्हाय?" हे म्हणाले, सकाळीच तिच्या हातची भाकरी खाऊन आलोय. तो माणूस म्हणाला, "असं व्हतं. सुरवातीला असंच वाटतं."

मी आयुष्यात पहिल्यांदा आपणहून कोणाकडं काही मागितलं ते त्या फिल्मवाल्या बाईंकडं. त्या पुन्हा गावात आल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, मला त्यात घाला. नुसती उभी ऱ्हाते. मी जिवंत हाय एवढं दिसू द्या."

त्यांना खरोखरच वाईट वाटलं. पण त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही दिसलात तर आजींचं वाक्य खोटं पडेल. सगळी फिल्म त्या वाक्यावर उभी आहे."

त्या हिवाळ्यात आई भिंतीवरून घरी येताना कालव्याच्या कडेला पडली. शेजाऱ्यांनी उचलून आणली. हात सुजला, कंबर धरली. आता तिला एकटीला ठेवणं शक्य नव्हतं. मी तिला पिंपळीला न्यायला गेले. ती येईना. जेवण माझ्या हातचं घ्यायची, "तुमी लई करता," म्हणायची. पण चला म्हटलं की एकच बोलणं, "पोरीला हितं एकटीला टाकून कशी येऊ? ती बघत ऱ्हाती माझ्या मागं."

त्यातच तात्यांचं डोकं फिरलं. फिल्ममुळं चेहरा बाईचा आहे हे सगळ्या तालुक्याला कळलं होतं. "जवानाच्या जागी बाईचं तोंड! लोकं काय म्हनत्याल?" एवढा एक खळगा बुजवून तिथं फोटोची फरशी बसवायची असं कमिटीत ठरलं. शिल्पकार नको म्हणाला, त्याचं कोणी ऐकलं नाही. एका दुपारी गवंडी घमेल्यात सिमेंट कालवून भिंतीपाशी गेला. हे आईला कळलं. ती काठी टेकत निघाली, मी मागं.

आम्ही पोचलो तेव्हा तात्या, गवंडी आणि आणखी चारपाच माणसं होती. आई भिंतीला पाठ लावून खाली बसली.

"उठा, वहिनी," तात्या म्हणाले. "पोराचा फोटो लावायचाय तुमच्याच. चांगलं काम हाय."

"माझी पोरगी बुजवायला आलाय व्हय तुमी?"

"अवो, पोरगी ही काय तुमच्या शेजारी! बोल की गं तू तरी. जिभंला काय झालंय?"

सगळे माझ्याकडं बघत होते. बोलून काय होणार होतं? आईला मी शंभरदा सांगितलं होतं. मी तिच्या बाजूनं भिंतीजवळ गेले, झेंडूचा वाळलेला हार काढून खाली ठेवला, डोळे मिटले आणि त्या खळग्यात तोंड घातलं.

ते बसलं. नाक नाकात, हनुवटी हनुवटीत. गाल मधल्या वर्षांत खंगले होते, तिथं थोडी फट राहिली. दुपारभर ऊन खाऊन भिंत तापली होती, आतून कोणी अंग टेकवून बसल्यासारखी. माझाच श्वास परत माझ्या ओठांवर येत होता. पण एक सांगायचं राहतं. मी श्वास रोखला, तरीही तो थोडा वेळ येत राहिला. आजोबांना हे चाललं नसतं. मी आहे तसं लिहिते.

मग विहिरीच्या वरून यावा तसा आईचा आवाज आला, अगदी जवळ. ती उठली होती.

"निघ आता," ती म्हणाली. "लई दिस झालं."

मी लगेच निघाले नाही. खरं म्हणजे निघवेना. अंधार मऊ होता आणि त्यात कोणी माझ्याकडं बघत नव्हतं. मग आईची बोटं माझ्या मानेला लागली, लहानपणी न्हाणीतून ओढून काढायची तशी. मी तोंड बाहेर काढलं आणि डोळे उघडले.

आईनं माझ्या तोंडावरची काळी भुकटी पदरानं पुसली. "चल," ती म्हणाली. "कसली वाळलीस गं. आत खायाला काय न्हाय व्हय?"

"न्हाय, आई."

"चल मग."

तात्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. गवंड्यानं घमेलं उचललं आणि सिमेंट रस्त्याकडेच्या खड्ड्यात उपडं केलं. "मी न्हाय हात लावायचा, तात्या," तो म्हणाला. "दुसरा मानूस बघा." दुसरा मिळाला नाही. खळगा अजून तसाच आहे.

त्याच दिवशी भाड्याच्या जीपनं आई माझ्याबरोबर पिंपळीला आली. जाताना तिनं भिंतीकडं एकदाही पाहिलं नाही. मी पाहिलं. चेहरा वळत होता, आमच्या जीपच्या मागं.

आई माझ्याजवळ साडेतीन वर्षं राहिली. मला हाक मारायची, माझ्यावर ओरडायची, भाकरी जाड झाली म्हणायची. जे मला हवं होतं ते सगळं मला मिळालं. फक्त एक झालं. मी डोळे मिटलेले तिला चालत नसत. दुपारी जरा अंग टाकलं, पापणी मिटली, की ती जिथं असेल तिथून काठी टेकत यायची आणि माझ्या तोंडावर वाकायची.

"अगं, हायस का?"

"हाय, आई."

"उघड डोळं."

मी उघडायचे. ती थोडा वेळ बघायची, एक बोट माझ्या गालाला लावायची, गाल बाहेर आहे ना, आत नाही ना, ते बघायची. मग तिथंच माझ्या उशाशी बसून राहायची. मी जागीच पडून असायचे, आढ्याकडं बघत.